'मूळ' चित्रपट कोणता? : गृहचित्रमाध्यमातील संग्राहकांचा शोध आणि पाठनिश्चितीचा प्रश्न

प्रस्तावना

साहित्याच्या अभ्यासकाला पाठभेद ही संकल्पना नवीन नाही. एकाच ग्रंथाच्या निरनिराळ्या हस्तलिखितांत शब्द, ओळी, क्वचित संपूर्ण प्रकरणे वेगळी आढळतात आणि त्यांतून विश्वसनीय पाठ निश्चित करावा लागतो. शके १५०६ मध्ये संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य हाती घेतले आणि ते १९६६ मध्ये पूर्णत्वास नेले. मुद्रित ग्रंथाच्या बाबतीतही आवृत्ती व प्रकाशनवर्ष यांच्या नोंदीशिवाय संदर्भ परिपूर्ण मानला जात नाही.

चित्रपटाच्या बाबतीत मात्र अशी दक्षता क्वचितच घेतली जाते. चित्रपटाचे नाव, दिग्दर्शक आणि प्रदर्शनाचे वर्ष नमूद केले की संदर्भ पूर्ण झाला, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात १९७७ चा चित्रपट म्हणून वर्गात जे दाखविले जाते त्यातील काही दृश्ये १९९७ मध्ये घातलेली आणि काही ध्वनी २०११ मध्ये जोडलेले असू शकतात. ही बाब चित्रपटशास्त्राच्या विद्यापीठीय विभागांच्या आधी ज्यांच्या लक्षात आली, त्यांत घरी व्हिडिओ कॅसेट, लेझर डिस्क आणि डीव्हीडी जमविणाऱ्या हौशी संग्राहकांचा मोठा वाटा आहे. हे संग्राहक अभिजात चित्रपटाची 'मूळ' आवृत्ती का शोधतात, त्यासाठी कोणती पद्धती अवलंबितात आणि 'मूळ' या शब्दाने त्यांना नेमके काय अभिप्रेत असते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. घरच्या पडद्यावर येताना होणारे बदल

कोणीही हेतुपुरस्सर फेरफार केला नाही तरी चित्रपटगृहातील चित्रपट घरच्या पडद्यावर येताना बदलतो. या बदलांचे तीन प्रमुख प्रकार सांगता येतात.

पहिला प्रकार चौकटीचा. जुन्या दूरचित्रवाणी संचाच्या पडद्याची रुंदी व उंची यांचे प्रमाण ४:३ म्हणजे सुमारे १.३३:१ होते. बोलपटांच्या आरंभकाळातील चित्रपटांची चौकट याच्या जवळपास होती. १९५३ मध्ये सिनेमास्कोपचे आगमन झाल्यावर रुंद चौकटीचे युग सुरू झाले आणि पुढे २.३५:१ हे प्रमाण रूढ झाले. असा रुंद चित्रपट ४:३ च्या पडद्यावर पूर्ण भरून दाखवायचा तर दोन्ही बाजू कापाव्या लागतात. साध्या गणिताने पाहिले तर त्यात मूळ चित्राचा सुमारे ४३ टक्के भाग नाहीसा होतो. दोन पात्रे चौकटीच्या दोन टोकांना उभी असतील तर त्यांतील एक दिसतच नाही, किंवा दिग्दर्शकाने कधीही न योजलेली कॅमेऱ्याची सरक त्या दृश्यात घुसडावी लागते. अनेक व्हिडिओ कॅसेट याच पद्धतीने तयार झाल्या. वर व खाली काळ्या पट्ट्या ठेवून संपूर्ण चित्र दाखविण्याची पद्धत १९८० च्या दशकात लेझर डिस्कच्या माध्यमातून रुजली. 'पडद्याचा काही भाग वाया जातो' अशी सामान्य ग्राहकाची तक्रार असे. वस्तुतः चित्र वाया जात होते ते पट्ट्या नसताना. आज रुंद संच घरोघरी आल्यावर ही चूक उलट दिशेने घडते. जुन्या चौकोनी चौकटीचे चित्रपट ताणून दाखविले जातात किंवा वर-खाली कापले जातात, आणि या कापण्यात पाव चित्र जाते.

दुसरा प्रकार गतीचा. चित्रपटगृहात बोलपट सेकंदाला २४ चौकटी या गतीने दाखविला जातो. भारत आणि युरोपातील बहुतेक देशांत प्रचलित असलेली पॅल ही दूरचित्रवाणी पद्धती सेकंदाला २५ चौकटींची होती. त्यामुळे पॅल कॅसेटवर वा डीव्हीडीवर चित्रपट बहुधा सुमारे चार टक्के अधिक वेगाने चालतो आणि दुरुस्ती केली नसेल तर आवाजाची पट्टीही किंचित चढते. १२० मिनिटांचा चित्रपट अशा प्रतीत सुमारे ११५ मिनिटांत संपतो. पाच मिनिटे कमी भरली म्हणजे दृश्ये कापली, असा निष्कर्ष घाईने काढू नये, हा संग्राहकांनी अनुभवाने शिकलेला पहिला धडा होय.

तिसरा प्रकार रंगाचा आणि पोताचा. ईस्टमनकलर पद्धतीच्या जुन्या प्रती कालांतराने विटतात आणि लालसर दिसू लागतात. त्यांवरून नवी प्रत तयार करताना रंग नव्याने ठरवावे लागतात, आणि ते ठरविणाऱ्याची अभिरुची त्यात उतरते. फिल्मवरील नैसर्गिक कण म्हणजे दोष आहे असे समजून संगणकाने ते पुसले की चेहऱ्यावरील त्वचेचा पोत आणि वस्त्राची वीणही पुसली जाते.

२. 'स्टार वॉर्स' : एका पाठाची स्थित्यंतरे

हेतुपुरस्सर केलेल्या बदलांचे सर्वाधिक चर्चिलेले उदाहरण म्हणजे जॉर्ज लुकस यांचा 'स्टार वॉर्स'. हा चित्रपट अमेरिकेत २५ मे १९७७ रोजी प्रदर्शित झाला. त्या वेळी आरंभीच्या सरकत्या मजकुरात तो चौथा भाग असल्याचा उल्लेख नव्हता. तो १९८१ च्या पुनःप्रदर्शनात आला. १९९७ मध्ये 'विशेष आवृत्ती' चित्रपटगृहांत आली. तीत संगणकनिर्मित प्राणी व वाहने घातली गेली आणि पूर्वी चित्रित करून वगळलेले जब्बा या पात्राचे दृश्य नव्या रूपात समाविष्ट झाले. सर्वांत मोठा वाद मद्यालयातील एका प्रसंगावरून झाला. १९७७ मध्ये हान सोलो हा नायक समोर बसलेल्या ग्रीडोवर एकट्याने गोळी झाडतो. १९९७ मध्ये ग्रीडो आधी गोळी झाडतो व त्याचा नेम चुकतो. २००४ च्या डीव्हीडीत दोघांच्या गोळ्या जवळजवळ एकाच क्षणी सुटतात. २०१९ मध्ये डिस्ने प्लसवर आलेल्या प्रतीत गोळीबारापूर्वी ग्रीडोच्या तोंडी एक नवा उद्गार आला. वरकरणी बदल काही चौकटींचा आहे, परंतु त्याने पात्राचा स्वभाव बदलतो. स्वार्थी आणि निर्ढावलेला मनुष्य पुढे मित्रांसाठी परत येतो, हा त्याच्या व्यक्तिरेखेचा प्रवास आहे. त्याची पहिली कृती स्वसंरक्षणार्थ ठरली की या प्रवासाचा आरंभबिंदूच सरकतो.

संग्राहकांची अडचण अशी की नवी आवृत्ती आल्यावर जुनी बाजारातून नाहीशी झाली. १९९५ च्या व्हिडिओ कॅसेट तर मूळ रूपात चित्रपट विकत घेण्याची अखेरची संधी म्हणूनच विकल्या गेल्या होत्या. त्यानंतर २००६ मध्ये मर्यादित काळासाठी निघालेल्या डीव्हीडीत प्रदर्शित आवृत्त्या पुरवणी म्हणून दिल्या गेल्या. मात्र त्या १९९३ च्या लेझर डिस्कसाठी तयार केलेल्या जुन्या मास्टरवरून घेतलेल्या होत्या. काळ्या पट्ट्याही चित्राचाच भाग म्हणून नोंदविलेल्या असल्यामुळे अमेरिकी पद्धतीच्या ४८० रेषांपैकी सुमारे २७२ रेषाच प्रत्यक्ष चित्राच्या वाट्याला आल्या. २०११ च्या ब्लू-रे संचात या आवृत्त्या नव्हत्याच, उलट आणखी फेरफार झाले.

या परिस्थितीत चाहत्यांनी स्वतःच पुनर्रचना आरंभिली. त्यांचे दोन मार्ग साहित्याच्या अभ्यासकाला लक्षणीय वाटावेत. एका प्रकल्पात अधिकृत ब्लू-रे ही आधारप्रत मानून, बदललेल्या प्रत्येक जागी जुन्या डीव्हीडी, लेझर डिस्क व फिल्म यांतील तुकडे बसविण्यात आले. ही अनेक पोथ्यांवरून सिद्ध केलेल्या संमिश्र पाठाची रीत होय. दुसऱ्या प्रकल्पात १९७७ च्या जुन्या ३५ मिमी प्रतीच स्कॅन करण्यात आल्या. ही पोथी जशी हाती आली तशी छापण्याची रीत होय. टेक्निकलरच्या रंगमुद्रण पद्धतीने काढलेल्या प्रतींचे रंग सहसा विटत नाहीत. त्यामुळे १९७७ मध्ये पडद्यावर कोणते रंग दिसले याची साक्ष म्हणून अशा प्रतींना महत्त्व आले. अशीच एक प्रत ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने जून २०२५ मध्ये लंडनमधील आपल्या महोत्सवात जाहीररीत्या दाखविली. चाहत्यांच्या पुनर्रचनांना स्वामित्वहक्कधारकाची अनुमती नाही, ही त्यांची कायदेशीर मर्यादा मात्र नमूद केलीच पाहिजे.

येथे आणखी एक गुंतागुंत आहे. १९७७ मध्येही हा चित्रपट सर्वांनी एकच ऐकला नाही. ७० मिमी प्रतींसाठी, ३५ मिमी स्टिरिओ प्रतींसाठी आणि साध्या एकमार्गी ध्वनीच्या प्रतींसाठी वेगवेगळी ध्वनिमिश्रणे झाली होती. एकमार्गी मिश्रणात बेरू या पात्राचा आवाज निराळा होता आणि काही संवाद अन्य मिश्रणांत नव्हते. म्हणजे प्रदर्शनाच्या वर्षीच 'मूळ' अनेकवचनी होते.

३. कर्त्याचा हक्क आणि प्रेक्षकाची स्मृती

लुकस यांची भूमिका अशी राहिली की तंत्र व निधी यांच्या मर्यादेमुळे १९७७ मध्ये मनातील चित्रपट पूर्ण होऊ शकला नव्हता आणि विशेष आवृत्ती हीच आपल्याला अभिप्रेत असलेली कृती होय. ही भूमिका सहज झटकून टाकण्याजोगी नाही. कवी आपल्या कवितेत पुढील आवृत्तीत दुरुस्ती करतो, नाटककार प्रयोगानंतर अंक आवरतो. त्यांना जो अधिकार आहे तो दिग्दर्शकाला का नसावा? परंतु कवीने दुरुस्ती केल्यावर जुनी आवृत्ती ग्रंथालयातून परत मागविली जात नाही. संग्राहकांचा आक्षेप दुरुस्तीपेक्षा पूर्वपाठ अनुपलब्ध करण्याला अधिक आहे.

जुन्या कृष्णधवल चित्रपटांना संगणकाने रंग देण्याच्या प्रथेवरून अमेरिकेत १९८० च्या दशकात मोठा वाद झाला होता. मार्च १९८८ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे लुकस यांनी स्वतः चित्रपटांच्या विरूपीकरणाविरुद्ध साक्ष दिली होती. त्याच वर्षी राष्ट्रीय चित्रपट जतन कायदा झाला, आणि १९८९ मध्ये राष्ट्रीय नोंदपटासाठी निवडलेल्या पहिल्या २५ चित्रपटांत 'स्टार वॉर्स'चा समावेश होता. सांस्कृतिक वारसा म्हणून ज्याची नोंद झाली तो पाठ आणि पुढे बाजारात मिळू लागलेला पाठ यांत त्यामुळे अंतर पडले.

दिग्दर्शक हा एकटाच कर्ता आहे काय, हाही प्रश्न आहे. विल्यम फ्रीडकिन यांच्या 'द फ्रेंच कनेक्शन' (१९७१) या चित्रपटाच्या २००९ च्या ब्लू-रेसाठी दिग्दर्शकाने रंगसंगती बदलली, तेव्हा छायाचित्रकार ओवेन रॉइझमन यांनी जाहीर नापसंती व्यक्त केली. २०१२ मध्ये पूर्वीच्या रंगांशी मिळतीजुळती नवी प्रत निघाली. याउलट 'ब्लेड रनर' (१९८२) या रिडली स्कॉट यांच्या चित्रपटाबाबत समाधानकारक मार्ग निघाला. २००७ च्या पाच डिस्कच्या संचात प्राथमिक प्रत, अमेरिकेत व अन्य देशांत १९८२ मध्ये प्रदर्शित झालेल्या प्रती, १९९२ ची दिग्दर्शकीय प्रत आणि अंतिम प्रत असे पाचही पाठ एकत्र देण्यात आले. कर्त्याने आपली पसंती सांगितली आणि अभ्यासकाला तुलनेचे साधनही मिळाले.

४. भारतीय चित्रपट आणि 'मूळ' शब्दाचा उलटा अर्थ

हाच प्रश्न भारतीय चित्रपटांना लावला असता 'मूळ' या शब्दाची अडचण अधिक स्पष्ट होते. रमेश सिप्पी यांचा 'शोले' १५ ऑगस्ट १९७५ रोजी, म्हणजे आणीबाणीच्या काळात प्रदर्शित झाला. दिग्दर्शकाने चित्रित केलेल्या शेवटात ठाकूर गब्बरसिंगला ठार मारतो. सेन्सॉरच्या आक्षेपामुळे शेवट बदलावा लागला आणि पडद्यावर पोलीस येऊन गब्बरला ताब्यात घेतात असे दिसले. वगळलेला शेवट पुढे काही व्हिडिओ प्रतींतून संग्राहकांपर्यंत पोहोचला. फिल्म हेरिटेज फाउंडेशन व सिप्पी फिल्म्स यांनी केलेल्या पुनर्स्थापनेत तो चित्रपटाला पुन्हा जोडण्यात आला. ही प्रत २७ जून २०२५ रोजी इटलीतील बोलोन्या येथील महोत्सवात आणि १२ डिसेंबर २०२५ पासून भारतातील चित्रपटगृहांत दाखविण्यात आली. मूळ कॅमेरा निगेटिव्ह अतिशय खराब झालेली होती आणि ७० मिमीची एकही प्रत शिल्लक राहिलेली नव्हती. त्यामुळे अन्य मध्यवर्ती फिल्मसामग्रीवरून हे काम करावे लागले.

येथे तुलना करणे उद्बोधक ठरते. 'स्टार वॉर्स'चा संग्राहक मूळ म्हणतो तेव्हा त्याला प्रेक्षकांनी पाहिलेला पाठ हवा असतो आणि दिग्दर्शकाला अभिप्रेत असलेला पाठ तो नाकारतो. 'शोले'चा संग्राहक मूळ म्हणतो तेव्हा त्याला दिग्दर्शकाला अभिप्रेत असलेला पाठ हवा असतो आणि पंचवीस-तीस वर्षे प्रेक्षकांनी पाहिलेला पाठ तो दुय्यम मानतो. शब्द एकच, पण निकष परस्परविरुद्ध. आणीबाणीतील सेन्सॉरशिपचा अभ्यास करणाऱ्याला मात्र १९७५ चा प्रदर्शित शेवटच मूळ साधन म्हणून लागेल. पुनर्स्थापित प्रत चांगली आहे म्हणून प्रदर्शित प्रत मागे पडली, तर इतिहासाचा एक पुरावाही मागे पडेल.

के. आसिफ यांच्या 'मुघल-ए-आझम'ची (१९६०) रंगीत आवृत्ती २००४ मध्ये आली. मूळ चित्रपट मुख्यतः कृष्णधवल असून त्यातील काही भागच रंगीत होता. शीशमहालातील गीताच्या वेळी पडदा रंगांनी उजळतो, हा परिणाम कृष्णधवल दृश्यांच्या पार्श्वभूमीमुळे साधतो. सर्वच चित्रपट रंगीत केल्यावर तो विरोध उरत नाही.

मराठी चित्रपटांत प्रश्नाचे स्वरूप आणखी निराळे आहे. प्रभात फिल्म कंपनीने अनेक चित्रपट मराठी व हिंदी अशा दोन भाषांत स्वतंत्रपणे चित्रित केले. 'अयोध्येचा राजा' व 'अयोध्या का राजा' (१९३२), 'कुंकू' व 'दुनिया न माने' (१९३७), 'शेजारी' व 'पडोसी' (१९४१) ही त्यांची उदाहरणे. 'शेजारी'त गजानन जागीरदार यांच्यासमवेत केशवराव दाते आहेत, तर 'पडोसी'त मझहर खान. एकाला दुसऱ्याचे भाषांतर म्हणता येत नाही. दोन्ही मूळच आहेत, आणि एकाची डिस्क जवळ असणे म्हणजे दुसरा जवळ असणे नव्हे.

भारतीय चित्रपटाच्या आरंभबिंदूवरही हीच छाया आहे. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात प्रदर्शित झाला. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्याची म्हणून जतन झालेली रिळे प्रत्यक्षात फाळके यांनी १९१७ मध्ये पुन्हा तयार केलेल्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात साठविलेल्या जुन्या नायट्रेट फितींना लागलेल्या आगीत अनेक चित्रपटांची मूळ सामग्री नष्ट झाली. मूळ साधनच नाहीसे झाल्यावर पाठनिश्चितीची सर्व मदार नंतरच्या प्रतींवर राहते.

५. संग्राहकांची पद्धती : सामर्थ्य आणि मर्यादा

अनुभवी संग्राहक प्रत हाती आल्यावर प्रथम तिचा कालावधी मोजतो आणि पॅल पद्धतीचा फरक वजा करतो. नंतर चौकटीचे प्रमाण, श्रेयनामावली, प्रकाशनवर्ष आणि डिस्कच्या आतील कड्यावर कोरलेला निर्मितिक्रमांक पाहतो. आवेष्टन सारखे असूनही आतील प्रत निराळी असल्याची उदाहरणे त्याला ठाऊक असतात. त्यानंतर दोन प्रती शेजारी ठेवून तो दृश्यागणिक ताडून पाहतो. वगळलेले, वाढविलेले व बदललेले यांची त्याची यादी म्हणजे पाठभेदांची तळटीपच होय.

अशा खासगी संग्रहांचे ऋण मान्य करावयास हवे. फ्रिट्झ लँग यांच्या 'मेट्रोपोलिस'चा (१९२७) बर्लिनमधील प्रथम प्रदर्शनानंतर कापलेला फार मोठा भाग कायमचा गेला असे मानले जात होते. २००८ मध्ये ब्वेनोस आयरेसच्या चित्रपट संग्रहालयात त्याची १६ मिमी प्रत ओळखली गेली आणि २०१० मध्ये जवळजवळ पूर्ण चित्रपट पुन्हा दाखविता आला. ही सामग्री टिकली याचे श्रेय अर्जेंटिनातील एका खासगी संग्रहाला आहे.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. संग्राहकाला बालपणी पाहिलेली प्रतच प्रमाण वाटते, मग ती विटलेल्या रंगांची कॅसेट का असेना. स्मरणातील दृश्य आणि फिल्मवरील दृश्य यांत पुष्कळदा अंतर असते. शिवाय प्रत कोठून आली याची लेखी नोंद ठेवण्याची शिस्त सर्वच संग्राहक पाळतात असे नाही.

समारोप

वरील विवेचनावरून 'मूळ' या एका शब्दात किमान तीन पाठ दडलेले आहेत असे दिसते. कर्त्याला अभिप्रेत असलेला पाठ, प्रेक्षकांनी विशिष्ट काळी पाहिलेला प्रदर्शित पाठ आणि आज हाती असलेला उपलब्ध पाठ हे ते तीन होत. यांपैकी कोणता हवा हे अभ्यासाच्या प्रश्नावर अवलंबून राहील. म्हणून सन न सांगता केलेला 'मूळ चित्रपट' हा उल्लेख अभ्यासाच्या दृष्टीने अपुरा ठरतो.

महाविद्यालयांशी या प्रश्नाचा थेट संबंध आहे. साहित्यकृतीचे माध्यमांतर, माध्यमाभ्यास, इतिहास अशा विविध विषयांत चित्रपट अध्यापनसाधन म्हणून वापरला जातो. तो आंतरजालावरून दाखविला तर पाठ्यवस्तू पडताळणे दुरापास्त होते, कारण तेथील प्रत कोणतीही सूचना न देता बदलता येते. २०१९ मधील ग्रीडोचा नवा उद्गार हे त्याचे ठळक उदाहरण आहे. कपाटातील डिस्क मात्र जशी छापली तशीच राहते. डिस्क चालविणारी यंत्रे दुर्मीळ होत असताना जुन्या कॅसेट, व्हीसीडी व डीव्हीडी निर्लेखित करण्याकडे ग्रंथालयांचा कल होणे स्वाभाविक आहे. परंतु निर्लेखनापूर्वी प्रत्येक प्रतीचा प्रकाशक, वर्ष, भाषा, कालावधी व चौकटीचे प्रमाण एवढी पाच कलमे नोंदवावीत आणि त्या पाठाची अन्य प्रत उपलब्ध आहे काय हे पाहावे. शोधनिबंधात चित्रपटाचा उल्लेख करतानाही प्रदर्शनवर्षासोबत प्रत्यक्ष पाहिलेल्या प्रतीचे वर्ष व माध्यम द्यावे. ज्या पुणे शहरात महाभारताचे पाठभेद पिढ्यान् पिढ्या ताडून पाहिले गेले, तेथेच देशाचे चित्रपट संग्रहालयही आहे. ग्रंथाच्या बाबतीत अंगवळणी पडलेली ही शिस्त चित्रपटाला लावण्यासाठी नवे शास्त्र उभारण्याची गरज नाही. कपाटातील डिस्क बाहेर काढून तिच्यावरील मजकूर वाचण्यापासून आरंभ करता येईल.